हाताला ठाऊक असलेला शब्द

१

कुणालीच्या दिवसाची सुरुवात तक्रारीनं व्हायची. आठ वाजता तिनं ऑफिसचं कुलूप काढलं, की पाच मिनिटांत पहिला फोन.

"ताई, पासवर्ड नाय लागत."

मग ती संगणक सुरू करायची, नवा पासवर्ड लावून द्यायची आणि एकेक अक्षर तीन तीनदा सांगायची. "बी फॉर बटाटा. नाही, कॅपिटल नाही, छोटा बी." पलीकडून हसू यायचं. शेवटी ती रोजचा दम भरायची, "हा तात्पुरता. उघडलं की स्वतःचा ठेवा, आणि कुणाला सांगायचा नाही हं. नवऱ्याला नाही, मलासुद्धा नाही."

पाण्यावर काम करणाऱ्या या संस्थेचं ऑफिस शेणव्यात, रस्त्याला लागून दोन खोल्यांत होतं. पुढच्या खोलीत शहापूर-मुरबाडचा मोठा नकाशा आणि त्यात टोचलेल्या त्रेचाळीस टाचण्या. एकेक टाचणी म्हणजे एकेका वाडीची विहीर. त्या त्या वाडीतली एक बाई रोज सकाळी विहिरीत गाठींची दोरी सोडायची. फुटाफुटावर एक गाठ. काठापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या तो आकडा मोबाईलवरून संस्थेच्या वेबसाइटवर टाकायचा. गाठी वाढल्या म्हणजे पाणी खाली गेलं. भातसा धरणाचं पाणी मुंबईला जायचं, आणि धरणापासून हाकेच्या अंतरावरच्या वाड्या मार्च संपला की टँकरची वाट बघायच्या. तो टँकर आधी कुठं जाणार, ते या आकड्यांवर ठरायचं. म्हणून कुणालीला आपलं काम आवडायचं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वेबसाइटच्या तपासणीचा अहवाल आला. संस्थेच्या प्रमुख मनस्वीताई ठाण्याला बसायच्या, त्यांनी पुण्याच्या एका माणसाला तपासणी सांगितली होती. त्यानं पासवर्डच्या साठवणीपुढं लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'धोका गंभीर.' कुणालीनं त्याला फोन केला. तो बरा माणूस होता, त्यानं नीट समजावलं.

"पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही आपण. गिरणीत घालतो आणि पीठ ठेवतो. पिठावरून दाणे परत होत नाहीत, ते ठीकच. पण तुमच्या गिरणीत त्याच दाण्याचं दर वेळी तेच पीठ पडतं. दोघींनी एकच पासवर्ड ठेवला, तर दोघींच्या ओळी हुबेहूब सारख्या. चोराला तेवढंच पुरतं. प्रत्येकीच्या दाण्यात वेगळं चिमूटभर मीठ टाकायचं. आमच्या धंद्यात त्याला मीठच म्हणतात, सॉल्ट. मग पासवर्ड एकच असला तरी ओळी वेगळ्या."

फोन ठेवून कुणालीनं ती यादी उघडली. रोज ती आकडे बघायची. हा रकाना तिनं आजवर कधी उघडलाच नव्हता. त्रेचाळीस नावं आणि प्रत्येक नावापुढं बत्तीस अक्षर-आकड्यांची निरर्थक ओळ.

सहा ओळी सारख्या होत्या.

२

तिला आधी हसूच आलं. गावाचं नाव आणि पुढं एक दोन तीन, दुसरं काय असणार? सोप्या पासवर्डांची एक मोठी यादी इंटरनेटवर मिळते, ती तिनं त्याच गिरणीतून काढून बघितली. बऱ्याच जणींचे पासवर्ड पटापट उघडे पडले. मुलांची नावं, नवऱ्यांची नावं, एकीचा नुसता 'पाणीपाणी'. त्या सहा ओळींना मात्र काहीच जुळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं यादी पुन्हा उघडली. आता सारख्या ओळी सात होत्या.

तिनं सातही नावं कागदावर उतरवली. तीन शहापुरातल्या, चार मुरबाडकडच्या, त्यातली एक तर पार धसईच्याही पुढची. या बायका एकमेकींना कधी भेटलेल्या नव्हत्या. पासवर्ड कधी बदलला त्याची वेळ साइटवर राहते, तीही तिनं बघितली. दिवस सगळे वेगळे, पण वेळ एकच. पहाट सरल्यावर, सहा वाजून बारा मिनिटं.

विनोद गावोगाव फिरून बायकांना मोबाईल शिकवायचा. तो आल्यावर तिनं विचारलं, "तू लावून दिलास का सगळ्यांना एकच पासवर्ड?"

"मी कशाला लावू? मागं एकदा लावला तर तू केवढ्या शिव्या घातल्यास, आठवतं ना?" त्यानं कागद हातात घेतला. "पण थांब. ह्याच वाड्या मला पण दाखवायच्या होत्या तुला. यांचे आकडे बघितलेस?"

तिनं बघितले. बाकी सगळ्या विहिरी तळाला चालल्या होत्या, अठरा गाठी, वीस गाठी, बावीस. या सात विहिरींचे आकडे मात्र रोज एकानं कमी होत होते. म्हणजे मे महिन्यात पाणी वर येत होतं.

"कुठंतरी कालवा पाझरत असंल," विनोद म्हणाला.

"मुरबाडला पण? मधे आख्खा डोंगर आहे."

"मग त्या चुकीचं टाकतायत."

सातही जणी एकाच तऱ्हेनं कशा चुकतील? सात जणींतली पारूबाई तिच्या चांगल्या ओळखीची होती. बोरीच्या वाडीची, चाळिशीची, फोनवर भरभरून बोलणारी. कुणालीनं तिला फोन लावला.

"पारूबाई, तुमचा पासवर्ड काय ठेवलाय?"

"सांगू? तुमीच सांगिटलंत ना, कुणाला सांगायचा नाय."

"आज चालेल. सांगा."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. मग पारूबाई गोंधळून म्हणाली, "सांगता नाय येत, ताई."

"विसरलात?"

"विसरली आसती तर लॉगिन कसं झालं आसतं? रोज व्हतंय. माजा हात टाकतो तो. तोंडाला नाय येत."

३

बोरीच्या वाडीला ती दोघं विनोदच्या मोटारसायकलवर गेली. बाराचं ऊन, पळसाची पानं धुळीनं पांढरी झालेली. वाडीच्या तोंडाशीच बायका रिकामे हंडे घेऊन रस्त्याकडेला बसल्या होत्या. टँकरची वाट बघत.

"आणि विहीर?" विनोदनं विचारलं. बायका रस्त्याकडंच बघत राहिल्या.

विहीर वाडीमागं होती. दगडी, गोल, जुनी. विनोदनं आत डोकावून शिट्टी घातली. पाणी चार फुटांवर होतं. काळं, स्वच्छ, तुडुंब. काठावरचा रहाट वाळून गेला होता आणि त्याच्या दोरावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. म्हणजे कित्येक दिवसांत कुणी पोहरा सोडलेला नव्हता.

"अहो, एवढं पाणी असून टँकर कशाला?" कुणालीनं पारूबाईला विचारलं.

"ते काढत नाय आमी."

"खराब आहे का?"

"नाय, पानी चांगलंय." पारूबाईनं पदर सारखा केला. "आपलं नाय ते."

"मग कुणाचं?"

पारूबाई जरा ओशाळली. भरल्या घरात पोरानं भलतंच विचारावं तशी. "च्या टाकते," म्हणाली आणि घराकडं वळली.

ओसरीवर बसल्यावर कुणालीनं तिला लॉगिन करून दाखवायला सांगितलं. पारूबाईनं नाव टाकलं, ते नेहमीसारखं, बोट शोधत शोधत. मग पासवर्डच्या चौकटीवर टिचकी मारली आणि मान वर केली. मोबाईलकडं तिनं नंतर बघितलंच नाही. ती कुणालीकडं बघत होती. आणि अंगठा चालू झाला.

टक टक टक. कुठं चुकणं नाही, थांबणं नाही. चौकटीत काळे ठिपके उमटत गेले, चौकट भरली, ठिपके पुढं सरकत राहिले. कुणाली मोजत होती. चाळीसनंतर तिचा हिशेब चुकला. पारूबाईचं तोंड किंचित उघडं होतं आणि छाती हलत नव्हती. अंगठा एवढा भराभर चालला होता आणि बाई श्वास घेत नव्हती.

विनोदनं कुणालीचा दंड धरला, तेव्हा तिला कळलं की आपणही श्वास रोखलाय.

साइट उघडली. पारूबाईनं आकडा टाकला, चार. मग मोबाईल कनवटीला लावून ती म्हणाली, "च्यात साखर किती घेता, ताई?"

परत येऊन ऑफिसशी गाडी लावल्यावर विनोद म्हणाला, "सवय झाली असंल तिला. माझी आई पण न बघता विणते."

"हो," कुणाली म्हणाली. दोघांनाही तेच पटवून घ्यायचं होतं.

४

सोमवारी नऊ झाल्या, मंगळवारी दहा. बुधवारी अकरावी ओळ बदलली.

अकरावी ओळ तिच्या आईची होती.

भागीरथी, त्यांच्या गावच्या विहिरीची नोंद करणारी. वडील गेल्यापासून घरात दोघीच. आई उशिरा लिहायला शिकली, तीही लेकीपाशी. तिचा पासवर्ड कुणालीनंच लावून दिला होता, कुणालीचं नाव आणि जन्माचं वर्ष. "माजी पोर मी कशी इसरंन?" असं आई तेव्हा म्हणाली होती. आता त्या जागी ती दुसरी ओळ होती, बाकी दहांसारखी हुबेहूब. वेळ, सहा वाजून बारा मिनिटं.

सहा वाजता कुणाली न्हाणीत होती. आई अंगणाच्या पायरीवर मोबाईल घेऊन बसली होती. काहीतरी बघत असेल, असं वाटून कुणालीनं चहा एकटीनंच घेतला होता.

तिनं फोन केला. "आई, पासवर्ड बदललास का गं?"

"मला कुठं येतंय बदलायला? तू लावलास तोच हाय."

आई खोटं बोलत नव्हती. तेच वाईट होतं.

त्या दुपारी कुणालीनं असं काम केलं, जे केलेलं तिला कुणाला सांगता आलं नसतं. साइटच्या आत तिनं तीन ओळी लिहिल्या. बायका जे टाइप करतील ते गिरणीत जायच्या आधी एका फाइलमध्ये जसंच्या तसं उतरवून ठेवायचं. चोर करतात तेच. 'मलासुद्धा सांगायचा नाही' म्हणणारीनं दाराला कान लावला होता. एकदाच वाचायचं आणि पुसून टाकायचं, असं तिनं स्वतःला बजावलं.

गुरुवारी सकाळी दहा वाजता तिनं ती फाइल उघडली. वर ओळखीचे शब्द होते. पोरांची नावं, एक दोन तीन, पाणीपाणी. मग पारूबाईचं नाव आलं आणि त्यापुढं जे होतं ते कुणाली वाचू लागली.

"कुणाली! अगं ए!"

दारात विनोद उभा होता. त्याचा चेहरा घाबरलेला. "किती हाका मारल्या तुला. बरं नाय का?"

पंखा बंद होता. वीज गेलेली, बॅटरी टूं टूं करत होती आणि पडदा काळा झाला होता. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजलेले. तिचा घसा कोरडा पडला होता, जणू ती फार वेळ बोलत होती.

काय वाचलं ते तिला आठवेना. एवढंच ठाऊक होतं की ते मराठीत होतं. चौकटीत ठिपके पुष्कळ उमटले होते, पण शब्द लांबलचक नव्हता. आणि आपण ते वाचत असताना कुणीतरी आपल्याला वाचतंय, असं वाटलं होतं.

वीज आल्यावर तिनं फाइल न उघडताच काढून टाकली. त्या तीन ओळीही पुसल्या. रात्रभर झोप नव्हती, उन्हाळा आहे, डोळा लागला असेल. असं ती विनोदलाही म्हणाली. तो बरं म्हणाला आणि पुढच्या खोलीत जाऊन बसला. तिथून तो दर थोड्या वेळानं तिला हाक मारत राहिला, काही काम नसताना.

५

शुक्रवारी तिनं मीठ टाकलं. पुण्याच्या माणसानं सांगितलं होतं तसंच, प्रत्येकीचं वेगळं. जुने पासवर्ड सगळे रद्द केले. कसलाच अर्थ नसलेले त्रेचाळीस नवे पासवर्ड तयार केले आणि एकेकीला फोन लावून, हा बदलायचा नाही असं बजावून सांगितले. त्या शब्दाला आता या साइटवर जागाच उरणार नव्हती. काम करताना तिला बरं वाटत होतं, अंगावरचा मळ निघावा तसं.

सगळ्यांना सांगून झाल्यावर एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. प्रत्येक बाई पहिल्याच झटक्यात "बरं, ताई" म्हणाली होती. बी फॉर बटाटा नाही, पुन्हा सांगा नाही. त्रेचाळीस जणींपैकी एकीनंही पासवर्ड दुसऱ्यांदा विचारला नव्हता.

शनिवारी सकाळी तिनं यादी उघडली. त्रेचाळीस ओळी, सगळ्या वेगळ्या. मनस्वीताईंचा फोन आला, "कुणाली, पुण्याहून मेल आलाय. तपासणी पास. आता कितीही चोर येऊ देत, कुणाचा काय पासवर्ड आहे ते कुणालाच कळणार नाही. आपल्यालाही नाही."

"हो, ताई," ती म्हणाली आणि मग त्या वाक्याचा अर्थ हळूहळू तिच्या आत उतरला.

आपल्यालाही नाही. काल परवापर्यंत निदान दिसत तरी होतं. सात, नऊ, अकरा. आता सगळ्या जणींनी तो शब्द ठेवला काय, एकीनंही ठेवला नाही काय, ओळी वेगळ्याच दिसणार. तिनं स्वतःच्या हातानं दिवा मालवला होता.

बघायचा एकच मार्ग होता. तिनं आईच्या नावानं लॉगिन उघडलं आणि काल आईला दिलेला पासवर्ड टाकला.

'पासवर्ड चुकीचा आहे.'

हळू, एकेक अक्षर बघत तिनं पुन्हा टाकला. चुकीचा. मग वेडी आशा म्हणून जुना टाकला, स्वतःचं नाव आणि वर्ष. चुकीचा.

ती मागं टेकली. बाहेर रस्त्यावरून एसटी गेली, खिडकीच्या काचा थरथरल्या. मग आवाज दूर गेला आणि खोलीत दुसरा आवाज राहिला. टक टक टक. तिनं खाली बघितलं. तिची दहाही बोटं कीबोर्डच्या कळांवर चालली होती. कुणाची तरी बोटं बघावी तशी ती बघत राहिली. थांबवायचं तिला सुचलं, पण ते कसं करायचं ते सुचेना. चौकट ठिपक्यांनी भरली आणि भरून पुढं गेली.

बोटं थांबली. साइट उघडली.

आईचं पान. मंगळवारी गाठी एकोणीस होत्या. आजची नोंद झालेली होती. गाठी, शून्य.

६

गावापर्यंतची अर्ध्या तासाची वाट तिनं कशी काटली तिला कळलं नाही. ऊन लखलखत होतं. विहीर गावाच्या खालच्या अंगाला, करंजाच्या झाडापाशी. लांबूनच तिला चार बायका काठावर बसलेल्या दिसल्या. पाटावर बसावं तशा, मांडी घालून, आत तोंड करून. त्यांतली एक आई होती.

पाणी काठाच्या दगडाशी टेकलं होतं. वारा होता, करंजाची पानं सळसळत होती. पाण्यावर मात्र सुरकुती नव्हती.

"आई!"

भागीरथीनं मान वळवली. चेहरा नेहमीचाच, मायाळू. तिनं सरकून शेजारी जागा केली.

"आलीस? बरं झालं गो. इचारत व्हतं."

"कोण विचारत होतं?"

बाकीच्या तिघी एकदम ताठ झाल्या. आई ओशाळून इकडंतिकडं बघू लागली. पारूबाई जशी ओशाळली होती, तशीच.

कुणालीला पाण्यात बघायचं नव्हतं. पण आईला धरायला ती दोन पावलं पुढं झाली आणि काठापासून हातभर लांब असतानाच तिला दिसलं. पाण्यात आभाळ होतं, करंजाची फांदी होती, चार बायकांचे चेहरे होते. आणि पाचवा चेहरा तिचा होता. ती अजून वाकलीही नव्हती. तो चेहरा आईच्या शेजारी, मोकळ्या केलेल्या जागी, निवांत बसलेला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

तिनं आईचं मनगट धरून तिला खेचलं. आईनं विरोध केला नाही. गुरासारखी मुकाट मागून चालत आली. घरी आल्यावर तिनं भात टाकला, कुणालीला वाढलं, सांडगे तळले. जेवताना म्हणाली, "बोटं का गो चालतात तुजी ताटावर?"

७

रविवारी ऑफिस बंद असतं. कुणाली आईला सोबत घेऊन ऑफिसला गेली आणि तिनं वेबसाइट काढून टाकली. नुसती बंद नाही केली. आधी यादी पुसली, मग त्रेचाळीस विहिरींच्या तीन वर्षांच्या नोंदी. त्यांच्या प्रती ज्या दोन ठिकाणी ठेवल्या होत्या त्याही शोधून पुसल्या. नोकरी जाणार होती. पावसापर्यंत टँकर कुठं पाठवायचे ते आता कुणालाच कळणार नव्हतं, त्याची टोचणी नोकरीपेक्षा मोठी होती. तरी तिनं सगळं पुसलं आणि साइटचा पत्ता टाकून बघितला. कोरं पान. 'असं काही सापडलं नाही.'

त्या दिवशी आई दिवसभर डोळ्यांसमोर होती. शेंगा सोलत बसली, शेजारणीशी बोलली, एकदाही विहिरीकडं गेली नाही. कुणालीला वाटलं, सुटलो.

सोमवारी आईला शेजारणीपाशी सोडून आठ वाजता ती टेबलाशी फोन घेऊन बसली. साइट उघडत नाही म्हणून आता एकेकीचे फोन येणार. काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं. कायमची बिघडली, आता कागदावर लिहून ठेवा, विनोद येऊन घेऊन जाईल.

सव्वाआठ झाले. साडेआठ. फोन वाजला नाही.

ज्या बायका एक अक्षर चुकलं तरी फोन करायच्या, त्यातल्या एकीचाही फोन नाही. नऊ वाजता कुणालीनं फोन चालू आहे ना ते बघितलं. सव्वानऊला विनोद आला, दारातून म्हणाला, "आज एकदम शांत?" तिचा चेहरा बघून तो तिथंच उभा राहिला.

तिनं पारूबाईचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"पारूबाई, आज साइट उघडली का?"

"उघडली ना."

"नोंद केलीत?"

"केली की."

पारूबाईचा आवाज लांबून, गोल होऊन येत होता. मागं कोंबड्या नव्हत्या, पोरं नव्हती, काहीच नव्हतं.

"अहो, ती साइट नाहीच आहे आता. मी काल काढून टाकली. कुठं केलीत नोंद?"

फोनवर हात ठेवून पारूबाई कुणाशी तरी बोलली. पलीकडून कुणीतरी हळू उत्तर दिलं. बाईचाच आवाज होता, तरुण बाईचा, आणि तो कुठं ऐकलाय ते कुणालीला आठवायचं नव्हतं.

"कोन बोलतंय?" पारूबाईनं विचारलं. आता तिच्या आवाजात भीती होती.

"मी कुणाली. ऑफिसमधून."

"कुणालीताई तर हितं बसल्यात. आमच्यात. सकाळधरनं."

विनोदनं खूण करून विचारलं, काय झालं? कुणालीनं फोन कानाशी घट्ट धरला.

"पारूबाई, ऐका. मीच कुणाली आहे. खरी मी आहे."

"आसंल तर मंग शब्द सांगा," पारूबाई म्हणाली. "तुमीच ना सांगिटलंत, शब्द जुळला नाय तर कुणाला आत घ्यायचं नाय."

कुणालीनं तोंड उघडलं. विनोद तिच्या ओठांकडं बघत होता. घशापर्यंत काहीतरी आलं आणि तिथंच राहिलं. टेबलावर तिचा उजवा हात चालू झाला होता, टक टक टक, लाकडावर, वेगानं, एकही चूक न करता.

"बोला ना," पारूबाई म्हणाली. तिनं थोडी वाट बघितली. आणि मग फोन ठेवला.